चारशे एका बाजूला, मीखाया एका बाजूला

"जगाच्या मागे जाऊ नका" असा उपदेश झाला की आपल्या डोळ्यांपुढे दारू, जुगार, वाईट संगत येते. ते खरंच आहे. पण माझं ठाम मत आहे की ख्रिस्ती माणसाला सगळ्यात जास्त वाकवणारी गर्दी बाहेरची नसते. ती आमेन म्हणणारी, आपल्याच बाकावर बसणारी असते. तिच्या तोंडी देवाचं नाव असतं, म्हणून तिला नाही म्हणताना जीभ अडखळते.

बायबलच्या जुन्या करारातलं पहिले राजे हे पुस्तक, त्याचा २२ वा अध्याय सावकाश वाचा. शोमरोनाच्या वेशीजवळच्या खळ्यात इस्राएलचा राजा अहाब आणि यहूदाचा राजा यहोशाफाट राजवस्त्रं लेवून बसलेत, लढाईला जावं का हे विचारत. समोर सुमारे ४०० संदेष्टे, सगळ्यांचा एकच सूर: चढाई कर, जय तुझाच. सिदकीयाने तर लोखंडाची शिंगं करून आणलीत. आणि हे सगळे परमेश्वराच्याच नावाने बोलताहेत. मीखाया नावाच्या आणखी एका संदेष्ट्याला बोलवायला गेलेला माणूस त्याला समजावतो की सगळ्यांनी एकमुखाने राजाला बरं वाटेल असंच सांगितलंय, तूही तसंच बोल. या निरोप्याकडे नीट बघा. तो धमकावत नाही, त्याच्या समजुतीप्रमाणे तो मीखायाचं भलंच बघतोय. मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, दबाव बहुतेक वेळा याच आवाजात येतो. "कशाला वाईटपणा घेता?" "सगळ्यांचं ठरलंय आता." "ऐक्य मोडायला नको."

मीखायाने खरं सांगितलं, की या लढाईत हार आहे; थोबाडीत खाल्ली आणि तुरुंगात गेला. अहाब त्या लढाईत मेला, पण मीखाया पुढे सुटला का, हे शास्त्र सांगतच नाही. खऱ्याची बाजू घेतली की शेवट गोड होतो, असं आपण संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवतो आणि मग मोठेपणी तोंडावर आपटतो. मूर्तीला नमा नाहीतर पेटत्या भट्टीत टाकतो, असं बाबेलच्या राजाने धमकावलं तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेद्नगो यांचं उत्तर वेगळं होतं: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवलं नाही तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. सुटकेच्या हमीवर घेतलेला निर्णय भट्टीची धग लागताच विरघळतो.

हे प्रत्यक्षात करायचं कसं, यासाठी मला दानीएलाचा पहिलाच अध्याय सगळ्यात उपयोगी वाटतो. सिंहांच्या गुहेपेक्षाही जास्त. दानीएल बाबेलच्या दरबारात नेलेला यहूदी बंदिवान; राजाच्या अन्नाने विटाळायचं नाही, हा निश्चय त्याने आधी मनात केला. मग अधिकाऱ्याकडे विनंती केली. राजाला कळलं तर माझं डोकं जाईल, अशी भीती अधिकाऱ्याने बोलून दाखवली. दानीएल तिथे वाद घालत बसला नाही. त्याने थेट देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला गाठून मुदत ठरवून दिली: १० दिवस आम्हाला शाकभाजी आणि पाणी द्या, मग आमची तोंडं बघून तुम्हीच ठरवा. ठाम नकार आणि समोरच्याच्या अडचणीची जाण एकाच माणसात असू शकते.

आता आपल्याकडे गाडी कुठे घसरते ते बघा. समजा, मंडळीच्या समितीत विधवांच्या मदतीसाठी आलेला निधी इमारतीच्या कामाला वळवायचा ठराव आला. तुम्हाला पटलेलं नाही, पण तुम्ही खाली बघत बसता. इतिवृत्तात "एकमताने मंजूर" असं लिहिलं जातं. तुमचं मौन होकारात जमा झालं. नंतर दाराबाहेर केलेली कुरकुर म्हणजे विरोध नव्हे, ती निव्वळ चहाडी. बोलायचं ते मतदानाआधी, चर्चेला तोंड फुटतानाच, कारण चार जणांनी माना डोलावल्यावर पाचव्याचा धीर सुटतो. भाषण नको, एक प्रश्न पुरतो: "देणाऱ्यांनी हा पैसा कशासाठी दिला होता?" इमारतीसाठी वेगळं दान मागण्याचा पर्याय त्याच दमात मांडा. तरीही ठराव झाला, तर आपला विरोध इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि शांतपणे बसा.

बैठकीआधी एका तरी माणसाशी बोलून ठेवा. १९५० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी प्रयोग केले. रेषांची लांबी ओळखायची, इतकं सोपं काम. पण बाकीचे ठरवून चुकीचं सांगायला लागले की सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्या मागे गेले. खोलीत बरोबर उत्तर देणारा एकच सोबती मिळाला, की चुका साधारण चौथाईवर आल्या. कनान देश हेरायला गेलेल्या बारा जणांपैकी दहा जण घाबरून परत फिरूया म्हणाले, तेव्हा कालेबाला यहोशवा होता, म्हणून त्या १० हेरांपुढे ते दोघं टिकले. "मी एकटाच उरलोय" असं संदेष्टा एलीया म्हणाला, तेव्हा देवाने त्याला अजून विश्वासू राहिलेल्या ७,००० जणांचा आकडा सांगितला.

पण अल्पमतात असणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाबरोबरचे २५० जण स्वतःला शूरच समजत असणार. मी अडून बसलोय ते शास्त्राविरुद्ध काही घडतंय म्हणून, की माझ्या आवडीविरुद्ध? उपासनेची वेळ, गाण्याची चाल, खुर्च्यांची मांडणी यांत खुशाल माघार घ्या, रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय हेच शिकवतो. आणि विरोध केल्यावर आपल्याभोवती टाळ्या वाजवणारे जमले, तर जास्तच सावध व्हा. ती दुसरी गर्दी असते.

गर्दीपुढे येशूचा शिष्य पेत्रही दोनदा वाकला. अंगणातल्या शेकोटीजवळ त्याने येशूला ओळखतच नाही म्हटलं, तेव्हा जिवाची भीती तरी होती. अंत्युखिया शहरात मात्र यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची यहूदी माणसं आली, तेवढ्यावर तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून बाजूला झाला, आणि त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबाही ओढला गेला. पौलाने सगळ्यांदेखत, तोंडावर विरोध केला, कारण चूकही सगळ्यांदेखत झाली होती. पाठीमागे गट बांधला नाही. पुढे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख "प्रिय बंधू" असाच येतो.