तो फोटो ‘पोला’चा नव्हे: नाळ उडालेल्या इटालियन क्रूझरविषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

दुसऱ्या महायुद्धातील एका इटालियन क्रूझरचा (मध्यम आकाराच्या युद्धनौकेचा) कृष्णधवल फोटो बराच फिरतो आहे. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, पुढच्या बुर्जाच्या (फिरत्या तोफघराच्या) अलीकडेच तुटून गेलेली आहे, मधल्या भागातून दाट धूर निघतो आहे आणि बाकीचा सांगाडा अजून तरंगतो आहे. या फोटोसोबत येणारा दावा थोडक्यात असा: ही जड क्रूझर ‘पोला’ असून मार्च 1941 मध्ये ग्रीसजवळच्या मातापानच्या लढाईत टॉर्पेडो लागून नाळ उडाल्यावर ती बुडत असताना ब्रिटिश विनाशिकेवरून हा फोटो काढला गेला. पुरावा म्हणून चार गोष्टी पुढे केल्या जातात: टॉर्पेडोचा तडाखा, जवळ असलेल्या ब्रिटिश विनाशिका, दोन धुराडी व चार जुळे (दोन-दोन तोफांचे) बुर्ज ही रचना, आणि एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या तोफनळ्या, ज्या म्हणे फक्त 203 मिलिमीटर तोफांच्या जड क्रूझरांवरच दिसतात. चारही गोष्टी ऐकायला पटण्याजोग्या आहेत, पण त्यांतून ‘पोला’ सिद्ध होत नाही.

आधी उजेडाचा प्रश्न पाहू, कारण खरे म्हणजे दावा तिथेच निकालात निघतो. मातापानच्या लढाईचा शेवट 28 आणि 29 मार्च 1941 च्या दरम्यानच्या रात्री झाला. ब्रिटिश युद्धनौकांनी शोधदिवे टाकून अगदी जवळून मारा केला तो रात्री साडेदहाच्या सुमारास. ‘पोला’च्या मदतीला आलेल्या, त्याच बनावटीच्या दोन भगिनी जहाजांपैकी ‘फ्यूमे’ मध्यरात्रीपूर्वीच बुडाली, ‘झारा’ त्यानंतर काही तासांनी, आणि ‘पोला’ पहाटे चारच्या सुमारास, ‘जर्व्हिस’ ही विनाशिका तिला खेटून उभी करून खलाशी उतरवून घेतल्यावर, टॉर्पेडोंनी बुडवण्यात आली. ब्रिटिश जहाजे सकाळी त्या जागी परतली तेव्हा त्यांना पाण्यात वाचलेले खलाशी सापडले, क्रूझर नव्हे. फोटोत मात्र लख्ख दिवस आहे. फोटोत नोंदलेला दिवसाचा प्रहर आणि घटनेचा प्रहर जुळत नसेल, तर धुराडी मोजत बसण्याची गरजच उरत नाही. तरीही असे फोटो ओळखताना ही तपासणी सर्वांत शेवटी केली जाते, किंवा केलीच जात नाही.

टॉर्पेडोविषयीचा मुद्दा अर्धा खरा आहे. ‘पोला’ला 28 मार्चच्या संध्याकाळी ब्रिटिश विमानाचा टॉर्पेडो लागला हे खरे, पण तो लागला जहाजाच्या मध्यभागी. तिची यंत्रे आणि वीज बंद पडली, ती जागीच खिळली आणि तिच्या मदतीला पाठवलेल्या दोन भगिनी जहाजांवर त्यामुळेच मृत्यू ओढवला. नाळ तिची शाबूत होती. ‘झारा’ आणि ‘फ्यूमे’ यांना पंगू केले ते 15 इंची तोफगोळ्यांनी.

बुर्जांचा मुद्दा अधिक सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण चूक इथेच सर्वाधिक वेळा होते. दोन धुराडी आणि पुढे दोन, मागे दोन असे चार जुळे बुर्ज ही रचना इटलीच्या त्या काळच्या सातही जड क्रूझरांवर होती आणि 152 मिलिमीटर तोफांच्या बहुतेक हलक्या क्रूझरांवरही होती. ‘ड्यूका देल्यी अब्रुत्सी’ आणि ‘गारिबाल्दी’ या दोघींवर मात्र पुढे व मागे तिहेरी बुर्ज आणि त्यांच्या वर जुळे बुर्ज अशा दहा तोफा होत्या. तोफनळ्या चिकटलेल्या दिसण्याचे कारणही तोफेच्या आकाराशी निगडित नाही. वजन आणि जागा वाचवण्यासाठी बुर्जातील दोन्ही तोफा एकाच पाळण्यावर (तोफ धरणाऱ्या चौकटीवर) बसवल्या गेल्या होत्या, त्यामुळे दोन नळ्यांमधले अंतर फारच कमी राहिले. एकाच वेळी सुटलेले गोळे हवेत एकमेकांना त्रास देत आणि मारा विखुरला जाई, ही त्या रचनेची कायमची दुखरी बाजू ठरली. ही पद्धत ‘त्रेंतो’ आणि ‘झारा’ या जड वर्गांत (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजे) जशी होती तशीच ‘ज्युस्सानो’ वर्गाच्या हलक्या क्रूझरांतही होती. म्हणजे चिकटलेल्या नळ्या पाहून जहाज इटालियन असावे असे म्हणता येते; ते जड आहे असे म्हणता येत नाही.

मग जड आणि हलके यांत फरक करायचा कसा? इथे तोफेच्या नळीपेक्षा बांधणीकडे पाहावे. ‘पोला’ ज्यात मोडते त्या ‘झारा’ वर्गाच्या जहाजांचा विमानघर पुढच्या डेकखाली, पहिल्या बुर्जाच्याही पुढे होता. ‘ज्युस्सानो’ वर्गात तो दुसऱ्या बुर्जामागच्या, जहाज जिथून चालवतात त्या पुलाच्या इमारतीच्या तळाशी होता आणि कॅटापल्ट (विमान उडवणारे यंत्र) मात्र नाळेवर. म्हणून त्या इमारतीचा खालचा भाग उंच, चौकोनी खोक्यासारखा दिसतो. वादातील फोटोत हेच खोके स्पष्ट आहे. याशिवाय ‘पोला’ची स्वतःची एक खूण आहे, जी तिच्या तीन भगिनींवरही नाही: ध्वजनौका (ताफ्याच्या प्रमुखाचे जहाज) म्हणून वापरता यावी यासाठी तिच्या पुलाची इमारत मागे वाढवून पुढच्या धुराड्याला जोडलेली होती. फोटोत इमारत आणि धुराडे यांच्यामध्ये मोकळी जागा दिसते. ज्याने ‘पोला’ हे नाव लिहिले त्याने ‘पोला’चाच एखादा शांततेच्या काळातला फोटो शेजारी ठेवून पाहिला असता, तर एवढ्यावर काम भागले असते.

काही जण याला उत्तर म्हणून नाळ नसलेल्या दुसऱ्याच क्रूझरचे नाव पुढे करतात, ते ‘मुत्सिओ आत्तेंदोलो’चे. 13 ऑगस्ट 1942 रोजी ‘अनब्रोकन’ या ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने तिची नाळ उडाली आणि तरीही ती सिसिलीतल्या मेस्सिना बंदराला पोहोचली, हे खरे आहे. पण तिच्या वर्गाचा पूल निमुळत्या गोल मनोऱ्यासारखा होता, कॅटापल्ट दोन धुराड्यांच्या मध्ये होता, आणि ती त्या वेळी बुडाली नाही. 4 डिसेंबर 1942 रोजी नेपल्स बंदरात अमेरिकी विमानांनी तिला बुडवले. फोटोतले चौकोनी इमारतीचे जहाज ती असू शकत नाही.

नाळेवरच्या लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्यांवरूनही एक तर्क लढवला जातो. दक्षिण इटलीजवळच्या पुंता स्तिलोच्या लढाईत, 9 जुलै 1940 रोजी, इटालियन विमानांनी स्वतःच्याच जहाजांवर बॉम्ब टाकले आणि त्यानंतर ओळखीसाठी हे पट्टे रंगवले जाऊ लागले. ते असतील तर फोटो त्या तारखेनंतरचा, इतके म्हणता येते. या फोटोत मात्र ते दिसत नाहीत याचा काहीच अर्थ काढता येत नाही, कारण पट्टे जिथे असायचे तो भागच जहाजावर उरलेला नाही.

उरतो तो ‘ज्युस्सानो’ वर्ग, आणि त्यातली चार जहाजे बाह्यरूपाने इतकी सारखी होती की अशा मोडक्या अवस्थेत केवळ आकारावरून नाव सांगणे धाडसाचे ठरेल. इथे घटना मदतीला येते. ‘दा बार्बियानो’ आणि ‘दी ज्युस्सानो’ 13 डिसेंबर 1941 रोजी ट्युनिशियातल्या केप बोनजवळ अंधारात, पेट्रोलच्या पिंपांसह जळून बुडाल्या. ‘बांदे नेरे’ 1 एप्रिल 1942 रोजी इटलीच्या स्ट्रॉम्बोली बेटाजवळ ‘अर्ज’ या पाणबुडीच्या टॉर्पेडोने दोन तुकडे होऊन गेली; तिथे ब्रिटिश विनाशिका नव्हत्या. चौथी ‘बार्तोलोमेओ कोल्लेओनी’. 19 जुलै 1940 च्या सकाळी क्रीटच्या वायव्य टोकाला, केप स्पाडाजवळ, ऑस्ट्रेलियन क्रूझर ‘सिडनी’च्या गोळ्यांनी तिची यंत्रे बंद पाडली, ‘आयलेक्स’च्या टॉर्पेडोने तिची नाळ उडवली, ‘हायपिरियन’च्या टॉर्पेडोने मधला भाग फोडला आणि नऊच्या सुमारास ती बुडाली. विनाशिकांनी पाचशेहून अधिक खलाशांना पाण्यातून उचलले; कप्तान उंबेर्तो नोव्हारो जखमांमुळे पुढे अलेक्झांड्रियात मरण पावले. दिवसाचा उजेड, तुटलेली नाळ, मधला धूर आणि बाजूच्या ब्रिटिश विनाशिका, या चारही गोष्टी एकत्र आढळतात त्या याच सकाळी.