‘सदस्यत्व वसूल झालं का?’ : एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री मी उत्तर लिहायला बसले होते. लिहिलेलं सकाळी वाचलं तर सूर सगळा फणकाऱ्याचा. ते पुसून टाकलं. आता चार दिवसांनी थंड डोक्याने लिहितेय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आम्ही पाच जणांनी (मी, नवरा, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा) गेल्या वर्षी एका निसर्गसंवर्धन संस्थेचं आणि एका संग्रहालयाचं कौटुंबिक सदस्यत्व घेतलं आणि वर्षभर सुट्टीच्या दिवशी तिथेच जात राहिलो. सोळा खेपा झाल्या. त्याबद्दल मी जरा मिरवूनच लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की एक तर माझा बचतीचा हिशेब फसवा आहे; दुसरं, त्याच त्या जागी सोळा वेळा जाणं ही सहल नसून हट्ट आहे; आणि तिसरं, ‘काचेतली मेलेली पाखरं दाखवून मुलांना कसलं संवर्धन शिकवता? कळकळ असेल तर देणगी द्या, सवलती कशाला मोजता?’

हिशेबाचं म्हणाल तर तुमचं बरोबर आहे. सपशेल बरोबर. सोळा खेपांची तिकिटं किती झाली असती त्यातून वर्गणी वजा केली आणि उरलेल्या आकड्याला मी ‘बचत’ म्हटलं. पण सदस्यत्व नसतं तर आम्ही सोळा वेळा गेलोच नसतो. फार तर दोनदा. म्हणजे जी तिकिटं कधी काढलीच नसती ती वाचवल्याचा आनंद मी साजरा केला. शिवाय जाण्यायेण्याचा खर्च सोळापट झाला, तो कुठेच धरला नाही. यात मी एकटी नाही, एवढंच समाधान. डेलाविन्या आणि माल्मेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की मासिक वर्गणी भरणाऱ्यांना एक खेप १७ डॉलरच्याही वर पडत होती. सुट्या पासावर तीच १० डॉलरमध्ये झाली असती. वर्गणी भरताना आपण कसे वागू इच्छितो त्याचे पैसे भरतो, कसे वागतो त्याचे नाही.

पण याच हिशेबात मला एक गोष्ट सापडली, जी लेख लिहिताना लक्षात आली नव्हती. तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी कॅलेंडर काढून खेपांच्या तारखा लिहिल्या. पहिल्या दोन महिन्यांत सात. पुढचे तीन महिने शून्य. मग उरलेल्या सात महिन्यांत नऊ.

पहिल्या सात म्हणजे नुसती वसुली होती. पहिलीच खेप सांगते. चार तास. एकही दालन सोडायचं नाही हा माझा हुकूम. तिसऱ्या तासाला धाकटा एका बाकावर उताणा पडला आणि ‘मी आता इथलाच पुतळा’ म्हणून डोळे मिटून घेतले. नवरा पाट्या वाचतोय असं दाखवत मोबाइल बघत होता. मुलगी दर दालनात ‘अजून किती आहेत?’ एवढंच विचारत होती. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली या थकव्यावर लेखच लिहिला होता. एका माणसाला संग्रहालयातल्या काही वस्तूंविषयी प्रश्न दिले आणि उत्तरं शोधताना त्याला किती वाकावं, वळावं, मान तिरकी करावी लागते त्याचे फोटो काढले. ते फोटो बघताना मला आमचंच कुटुंब आठवलं. दोष मुलांचा नव्हता. दोष ‘पैसे भरलेत’ या माझ्या घोकंपट्टीचा होता.

आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली ओहायो विद्यापीठातल्या नाटकांच्या हंगामी तिकिटांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना तिकीट पूर्ण किमतीत, काहींना अचानक सवलतीत दिलं. कोणाला काय मिळेल ते नशिबावर. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण किंमत मोजलेले लोक जास्त नाटकांना गेले. दुसऱ्या अर्ध्यात तो फरक उरला नाही. तोवर किंमत विसरली गेली असावी, असं मला वाटतं. लोक हा प्रयोग ‘बघा, माणूस किती वेडा’ म्हणून सांगतात. मला मात्र त्यातला दुसरा अर्धा आमच्या घरासारखा दिसतो. किंमत डोक्यातून गेली तेव्हा आमचं खरं वर्ष सुरू झालं. शेवटच्या नऊ खेपांतली एकही तासाभराच्या वर नव्हती. एकदा तर पंचवीस मिनिटांत बाहेर पडलो, कारण जे बघायला गेलो होतो ते बघून झालं होतं. तिकीट काढून आत गेलेला माणूस पंचवीस मिनिटांत बाहेर पडत नाही. त्याला ते परवडत नाही.

आणि म्हणून ‘त्याच त्या जागी’ हा तुमचा आक्षेप मला मान्य नाही.

संग्रहालयात कापडांचं एक अंधारं दालन आहे. पहिल्या खेपेला आम्ही ते ‘दिवे गेलेत वाटतं’ म्हणून जवळपास ओलांडलंच. सासूबाई आयुष्यभर शिवणकाम केलेल्या. त्या एका काठाशी थांबल्या. नंतरच्या एका खेपेला त्यांनी मुलीला जवळ बोलावून दाखवलं: काठाचा वीतभर तुकडा वेगळ्या दोऱ्याने, वेगळ्या हाताने दुरुस्त केलेला होता. टाके जरा मोठे आणि किंचित तिरके. ‘ही घाईत होती,’ सासूबाई म्हणाल्या. कोण, कुठली, कधीची, काही माहीत नाही; पण घाईत होती हे त्यांना टाक्यांवरून कळलं. त्यानंतर मुलगी हट्टाने ती ‘घाईवाली’ दाखवायला बाबाला घेऊन गेली, तर ते वस्त्र जागेवर नव्हतं. तिथे दुसरंच लावलेलं. मुलीचा चेहरा पडला. तिथल्या ताईंनी सांगितलं की कापडाला प्रकाशाची झळ बसते आणि ती साठत जाते. रंग एकदा उडाला की अंधारात ठेवून परत येत नाही. म्हणून दालनात उजेड अगदी मंद, साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेडाचं माप) ठेवतात आणि ठरावीक महिन्यांनी वस्त्र उतरवून विश्रांतीला पाठवतात. म्हणजे दिवे गेले नव्हते. एकदाच येऊन गेलो असतो तर अंधार तेवढा लक्षात राहिला असता.

तळ्याचंही तसंच. संवर्धन संस्थेच्या पाणथळ जागेवर लाकडी लपण आहे, त्याच्या फटीतून बघायचं. आम्ही गेलो तेव्हा समोर पाण्यावर कुजक्या पाल्याचा एक गोळा तरंगत होता. धाकटा म्हणाला, कचरा. मग त्या कचऱ्यावरून एक टिबुकली उठली, चोचीने घाईघाईने पाला ओढून तिने काहीतरी झाकलं आणि बुडी मारली. घरटं सोडताना ती अंडी अशी झाकून जाते. आधी पांढरी असलेली अंडी त्या कुजक्या पाल्याने हळूहळू तपकिरी होतात, हे आम्हाला शेजारी बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं. अंडी दिसली नाहीत. मुलांच्या दृष्टीने ती खेप फुकट. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो. घरटं रिकामं, आणि टिबुकलीच्या पाठीवर पिसांतून दोन पट्टेरी डोकी बाहेर आलेली. धाकट्याने फटीला डोळा लावला तो काढेचना. मागे लोक खोळंबले तेव्हा मीच त्याला ओढून काढलं. (ओढायला नको होतं. लोक थांबले असते.)

आता मेलेल्या पाखरांबद्दल. काचेतलं पाखरू मलाही आनंदाने बघवत नाही. त्यातली कित्येक केवळ हौसेखातर मारलेली आहेत, यात शंका नाही. पण ती आहेत म्हणून काय काय कळलं ते ऐका.

रानपिंगळा म्हणजे जंगलातलं एक छोटं घुबड. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १८७३ साली. १८८४ नंतर त्याचा खरा नमुना कोणालाच मिळाला नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात पिंगळे होते. त्यात मायनर्ट्सहागेन या इंग्रज संग्राहकाने १९१४ साली आपण गुजरातेत मिळवल्याचा दावा केलेला एक. त्याच्या भरवशावर लोक चुकीच्या जागीही शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले. पक्ष्याचं कातडं सोलण्याची, भरण्याची, शिवण्याची प्रत्येक संग्राहकाची ढब वेगळी असते. या ‘१९१४’च्या पिंगळ्यावर डेव्हिडसन नावाच्या, पक्षी जमवणाऱ्या जुन्या अधिकाऱ्याच्या हाताच्या खुणा निघाल्या. चोरलेला नमुना, वर नवी चिठ्ठी! मग ती खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या आणि त्यांचे सहकारी निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला रानपिंगळा जिवंत समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. आज त्याच्यासाठी जे काही संवर्धन चालतं ते त्या कप्प्यातल्या मेलेल्या पाखरांपासून सुरू झालंय. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आजीनेपण ओळखला असता, टाक्यांवरून.’

देणगीबद्दल एकच. देणगी द्यावीच, आम्हीही देतो. पण देणगीदाराला बहुधा वाघ हवा असतो, नवं दालन हवं असतं. गळकं छप्पर, रखवालदाराचा पगार, दमटपणा मोजणारं यंत्र यांच्यासाठी कोणी हौसेने चेक फाडत नाही. वर्गणी नेमाने येते आणि बहुधा तिच्यावर ‘अमुकच कामाला’ अशी अट नसते. म्हणून संस्थांना ती लागते. सवलत मोजणारा सभासदही त्या छपराला हातभार लावतो, त्याच्या नकळत का होईना.

तरी माझ्या लेखात एक गोष्ट राहून गेली होती, ती तुमच्यामुळे घालते. जिथे प्रवेश मुळातच मोफत आहे तिथे सहलीसाठी सदस्यत्व घेऊ नका; संस्थेला मदत म्हणून घ्यायचं तर घ्या. ठिकाण घरापासून पाऊण तासाच्या पलीकडे असेल तर दहादा विचार करा, कारण पंचवीस मिनिटांसाठी दोन तास प्रवास कोणी करत नाही. वर्ष कधीपासून धरतात ते विचारा. कार्डात आजी-आजोबा बसतात का, तेही. आणि वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय असेल तर ती तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा. मी ठेवली नव्हती. आमची दोन्ही नूतनीकरणं मला मोबाइलवरच्या संदेशातून कळली. दोन्ही चालू ठेवायची होतीच, पण ठरवून ठेवली असती तर बरं वाटलं असतं.

मूळ लेखातला बचतीचा परिच्छेद आज काढून टाकलाय आणि तिथे या उत्तराचा दुवा दिलाय. आमच्या कार्डावर वर्षातून दोनदा पाहुणा नेता येतो. एक खेप अजून शिल्लक आहे. कापडांच्या दालनात ते वस्त्र परत लागलं की कळवते. यायचं असेल तर या. सासूबाईंनी टाके दाखवायचं कबूल केलंय.