'फोन ४के ६०वर ठेवा आणि विसरा': घरच्या व्हिडिओबद्दलच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

लग्नसराई आणि गणपती जवळ आले की फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: 'घरच्या कार्याचं शूटिंग करताय? फोन ४के ६० एफपीएसवर ठेवा आणि विसरा. १०८०पीचे दिवस गेले, मोठ्या टीव्हीवर ते फाटतं. ४केचं एडिटिंग आता कुठल्याही लॅपटॉपवर होतं. एमपी४ फाइल प्रत्येक टीव्हीवर चालते. ग्रुपवर टाकलं की कायमचं सेव्ह झालं. जुना हँडीकॅम भंगारात द्या.' खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

४के आणि १०८०पी म्हणजे चित्रात ठिपके (पिक्सेल) किती, ४केमध्ये आडवे-उभे दोन्हीकडे १०८०पीच्या दुप्पट; एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं. प्रत्येक वाक्यात थोडंफार खरं आहे, म्हणून ते खपतं. पण घरात शूटिंग करणाऱ्या हौशी माणसाने हे जसंच्या तसं पाळलं तर कार्य झाल्यावर महिनाभर त्याला डोकं धरून बसावं लागेल. एकेक वाक्य घेऊ.

'१०८०पी मोठ्या टीव्हीवर फाटतं.' किती अंतरावरून? निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो, त्याहून बारीक असेल तर दोन ठिपके एकच वाटतात. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर १०८०पीचे आडवे १९२० पिक्सेल पसरले की एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा होतो. गणित केलं तर सुमारे १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या मागे बसलात की शेजारशेजारचे दोन पिक्सेल वेगळे ओळखू येत नाहीत. ५५ इंची टीव्हीला हेच अंतर सात फुटांच्या जरा पुढे जातं. आता आपल्या हॉलमधला सोफा टीव्हीपासून किती लांब आहे ते टेप लावून बघा. ४केचा पूर्ण फायदा हवा असेल तर ४३ इंची टीव्हीसमोर तीन फुटांच्या आत बसावं लागेल, आणि तिथे लहानपणी बसलो की आई ओरडायची.

मग फाटतं ते काय? बहुतेक वेळा डिजिटल झूम, हललेला हात, अंधारातला दाणेदारपणा, नाहीतर दहा फोनांमधून फॉरवर्ड होत आलेली चिंधी झालेली क्लिप. त्या क्लिपवर '१०८०पी' असं कुणी छापलेलं नसतं, पण बदनाम तेच होतं. पिक्सेल किती यापेक्षा सेकंदाला किती डेटा लिहिला गेला, म्हणजे बिटरेट, याच्यावर चित्राचं नितळपण जास्त अवलंबून असतं.

४के बिनकामाचं आहे असं मी म्हणत नाही. लग्नात मंडपाच्या मागे तिपाईवर फोन लावून अख्खा स्टेज ४केमध्ये घ्या आणि नंतर एडिटिंग करताना १०८०पीच्या टाइमलाइनवर (तुकडे मांडायच्या पट्टीवर) टाका. चौकट दुपटीने आत घेतली तरी चित्र शाबूत राहतं. एकाच शॉटमधून अंतरपाटाच्या अलीकडचा नवरा आणि पलीकडची नवरी असे दोन वेगळे क्लोजअप निघतात. मला ४केचा हा उपयोग सगळ्यात जास्त पटतो. फक्त किंमत लक्षात ठेवा: ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे आयफोनवर एक मिनिट १०८०पी ३०ला साधारण ६० एमबी लागतात, ४के ३०ला १७० आणि ४के ६०ला ४००. दोन तासांची मुंज ४के ६०मध्ये घेतली तर ४८ जीबी. नाकापेक्षा मोती जड.

आता तो '६०'. या आकड्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण मेसेजमधला सगळ्यात नुकसान करणारा सल्ला हाच आहे.

६० हा आकडा अमेरिकेतला. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणून टीव्हीची पद्धतही ६०ची. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि पाल या आपल्याकडच्या जुन्या प्रसारण पद्धतीचा टीव्ही २५ फ्रेमचा होता तोही त्याच कारणाने. घरातली ट्यूबलाइट आणि बरेचसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर सेकंदाच्या ५०व्या भागाएवढं उघडं राहिलं तर दिव्याचे बरोबर दोन ठोके आत येतात, १००व्या भागाएवढं राहिलं तर बरोबर एक. प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. शटर ६०व्या भागाचं असेल तर एक पूर्ण ठोका आणि पुढच्याचा तुकडा येतो, तुकडा दर वेळी वेगळा. फोनचा सेन्सर चित्र एकदम न घेता वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे हा फरक पट्ट्यांच्या रूपात दिसतो. गणपतीच्या मखराच्या मागच्या पांढऱ्या पडद्यावर वर-खाली सरकणाऱ्या ज्या काळपट पट्ट्या दिसतात, त्या याच. फोन खराब नाही, डेकोरेशनवालाही दोषी नाही.

६० फ्रेमवर ठेवलं की ५०व्या भागाचं शटर बसतच नाही, कारण एका फ्रेमला तेवढा वेळच नसतो. उरतं १००व्या भागाचं शटर. त्याने पट्ट्या जातात, पण उजेड निम्मा होतो. दुपारी गच्चीवर धावणारं पोर टिपायचं असेल तर काही बिघडत नाही, तिथे ६० छानच दिसतं. संध्याकाळच्या आरतीला निरांजन आणि दोन दिव्यांच्या उजेडात फोनला आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, चढवावी लागते, चित्रभर दाणे येतात, आणि ते दाणे साठवण्यातच बिटरेट खर्ची पडतो. काही स्वस्त एलईडी माळा तर सेकंदाला ५० वेळाच लुकलुकतात. त्यांना फक्त ५०व्या भागाचं शटर चालतं, १००व्याचं नाही.

उपाय फुकटचा आहे. आयफोनवर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे 'शो पाल फॉरमॅट्स' चालू करा. २५ फ्रेमचा पर्याय उगवतो. अँड्रॉइडवर प्रो व्हिडिओ मोड असेल तर शटर १/५० वर बांधून टाका. २५ फ्रेम मिळत नसतील तर ३० ठेवा, शटर १/५० असलं की पट्ट्या येत नाहीत. न्यू जर्सीतल्या मावशीकडे डोहाळजेवणाचं शूटिंग असेल तर मात्र ६०, ३० आणि १/६० हेच बरोबर. फॉरवर्ड तिकडूनच आलं असावं, असा माझा कयास.

या एवढ्या लांबलचक उपदेशात आवाजाबद्दल एक अक्षर नाही, हे जाता जाता सांगतो. घरचा व्हिडिओ पुन्हा बघताना माणसं अंधुक चित्र चालवून घेतात, पण आजीचं बोलणं ऐकू आलं नाही तर बंद करतात. आरतीत झांजवाल्याच्या शेजारी उभं राहिलात की झांज एकदा वाजली की फोन आवाजाची पातळी आपोआप खाली ओढतो आणि मागचं सगळं गाणं दबून जातं. चार पावलं मागे सरका, जमलं तर दाराच्या चौकटीत उभे राहा.

'४केचं एडिटिंग कुठल्याही लॅपटॉपवर होतं.' होतं, पण कसं होतं ते बघा. फोन जागा वाचवायला एचईव्हीसी या दाबून साठवण्याच्या पद्धतीत लिहितो. त्यात दर काही फ्रेमनंतर एक चित्र पूर्ण असतं, मधल्या फ्रेममध्ये फक्त 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढंच. बघताना हे सरळ पुढे चालतं. एडिटिंगला तुम्ही मधल्याच एका फ्रेमवर जाऊन उभे राहता, तेव्हा ती फ्रेम दाखवायला मशीनला आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. आठ जीबी रॅमचा घरातला लॅपटॉप तिथे मान टाकतो. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे मिक्सिंगला वेगळं मशीन असतं ते उगाच नाही. तरीही हौशी माणसाला मार्ग आहे: केडेनलाइव्ह, शॉटकट किंवा दाविंची रिझॉल्व्ह ही एडिटिंगची सॉफ्टवेअरं, तिन्ही फुकट मिळतात आणि तिन्हींत प्रॉक्सीची सोय आहे. म्हणजे हलक्या नकलेवर कापाकापी करायची आणि शेवटचं रेंडर, म्हणजे तयार फाइल काढणं, मूळ फाइलवरून.

दुसरं दुखणं मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकही नसावं. फोन फ्रेमचा वेग कायम ठेवत नाही, उजेड कमी झाला किंवा फोन तापला की तो खालीवर करतो. काही एडिटरांना हे झेपत नाही. सुरुवातीला टाळ्या आणि आवाज जुळलेले असतात, विसाव्या मिनिटाला टाळी आधी वाजते आणि हात नंतर जुळतात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (कायम वेग) निवडून फाइल एकदा काढून घेतली की हे दुखणं जातं. पण ती फाइल म्हणजे एकदा दाबून पुन्हा दाबलेलं चित्र, म्हणून गुणवत्ता चढी ठेवा आणि मूळ फाइल पुसू नका.

'एमपी४ प्रत्येक टीव्हीवर चालतो.' एमपी४ हा डबा आहे. आत चहापत्ती आहे की साखर, हे डब्यावरून कळत नाही. आत एच.२६४ ही एचईव्हीसीच्या आधीची पद्धत असेल, एचईव्हीसी असेल, रंगांच्या छटा ८ बिटच्या असतील किंवा जास्त बारीक, १० बिटच्या असतील. पाच-सात वर्षांपूर्वीचा साधा टीव्ही १० बिटपाशी अडकू शकतो. कुठे चित्र येतं आणि आवाज येत नाही, कुठे आवाज येतो आणि पडदा काळा. फोन उभा धरून काढलेलं चित्र मुळात आडवंच साठवलेलं असतं, 'हे फिरवून दाखवा' अशी फक्त खूण सोबत असते. ती खूण न वाचणाऱ्या टीव्हीवर सगळं सासर कुशीवर झोपलेलं दिसतं. २०२०पासूनचे आयफोन एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला धरून, शूट करतात, ते जुन्या टीव्हीवर फिकं फिकं, धुतल्यासारखं येतं. सेटिंग्जमध्ये एचडीआर बंद करा, वाद मिटला.

शिवाय पेनड्राइव्ह. त्याचा फॉरमॅट फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि ४के ६०ला ४ जीबी दहा मिनिटांत भरतात. एक्सफॅट करावा तर जुना टीव्ही तो ओळखत नाही. माझा सरधोपट नेम असा: एच.२६४, ८ बिट, १०८०पी, २५ किंवा ५० फ्रेम, बिटरेट सेकंदाला १२ ते २० मेगाबिट, आवाज स्टिरिओ एएसी. एक मिनिटाचा तुकडा काढून ज्या टीव्हीवर दाखवायचं त्याच टीव्हीवर आधी लावून बघायचा. दोन तासांचं रेंडर त्यानंतर.

'ग्रुपवर टाकलं की सेव्ह झालं.' व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, २०२३मध्ये आलेला 'एचडी' पर्यायही ७२०पीपर्यंतचाच होता. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत फाइल जशीच्या तशी जाते. सेव्ह म्हणजे दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरात.

राहिला हँडीकॅम. हा सल्ला वाचून माझा हात कपाळावर गेला. २००३ ते साधारण २०१०च्या दरम्यान ज्या घरांनी हौसेने एचडी घेतलं, त्यांच्याकडे दोन प्रकार सापडतात. एक एचडीव्ही: छोट्या मिनीडीव्ही कॅसेटवरच १४४० बाय १०८०चं चित्र, जे दाखवताना १९२० इतकं ताणलं जातं. ही कॅसेट साध्या डीव्ही कॅमेऱ्यात लागत नाही. ती वाचणारं तुमच्या घरातलं एकमेव यंत्र म्हणजे तोच कॅमेरा, आणि त्यातून डेटा काढायचा तर फायरवायर या केबलचं जुनं भोक असलेला कॉम्प्युटर लागतो. कॅमेरा भंगारात दिलात की कपाटातल्या कॅसेटा मुक्या झाल्या. आधी कॅसेटा उतरवा, मग खुशाल द्या.

दुसरा प्रकार एव्हीसीएचडी, २००६मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने आणलेला. त्यात लांब शॉट कार्डावर आपोआप तुकड्यांत साठतो, आणि कुठला तुकडा कशानंतर, तारीख कोणती, ही नोंद बाजूच्या फोल्डरांमध्ये असते. आतल्या एमटीएस फाइली तेवढ्या उचलून बाकीचं पुसलं तर ती नोंद गेली, आणि तुकडे नुसते एकापुढे एक लावले तर सांध्यावर आवाज अडखळू शकतो. अख्खं फोल्डर आहे तसं उचला, आणि तुकडे कॅमेऱ्यासोबत आलेल्या सॉफ्टवेअरने जोडा.

दोन्ही प्रकारांतलं शूटिंग बहुधा ५०आय असतं: सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकाआड एक ओळींची. कॉम्प्युटरवर हलणाऱ्या हाताला कंगव्याचे दात फुटलेले दिसतात ते त्यामुळे. बरेच जण २५ फ्रेमचा पर्याय निवडून दात घालवतात आणि निम्मी हालचालही घालवून बसतात. हँडब्रेकच्या डीइंटरलेसमध्ये (अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करण्याच्या सोयीत) 'बॉब' निवडा आणि फ्रेमरेट ५० ठेवा. वीस वर्षांपूर्वीच्या बारशातला पाळणा तेव्हा टीव्हीवर जितका सफाईने हलत होता तितकाच आत्ताही हलेल, आणि तोही १०८०पीवर.