जगाचे नियम दुय्यम कसे?

‘फँटसी प्रेमकादंबरीला तारे देताना फक्त नायक-नायिकेचे नाते पाहावे, जगाची मांडणी दुय्यम मानावी’ हे प्रेमकादंबऱ्यांच्या परीक्षणाविषयीच्या लेखातील मत मला अजिबात पटले नाही. समकालीन प्रेमकादंबरीत अडथळा माणसांच्या स्वभावातून, भीतीतून किंवा घरच्या परिस्थितीतून येतो. फँटसीत मात्र तो बहुतेकदा शाप, राजनिष्ठा किंवा जादूच्या नियमांतून येतो, आणि हे नियम शेवटच्या प्रकरणात सोयीने मोडले गेले, तर दोघांनी सोसलेल्या विरहालाच अर्थ उरत नाही. अशा पुस्तकाला, संवाद कितीही हृद्य असले तरी, मी तीनपेक्षा अधिक तारे देत नाही.

एक मुद्दा लेखात राहूनच गेला आहे. वाचक जिथे पुस्तकांना तारे देतात त्या गुडरीड्स या संकेतस्थळाने २०२३ मध्ये आपल्या वार्षिक पुरस्कारांत ‘रोमँटसी’चा, म्हणजे फँटसी प्रेमकादंबऱ्यांचा, स्वतंत्र विभाग केला, हे योग्यच झाले, कारण या कादंबऱ्या बहुधा मालिकेतून येतात आणि पहिला भाग अनेकदा ऐन संकटात थांबतो, तर समकालीन प्रेमकथेचा वाचक त्याच पुस्तकात सुखान्ताची अपेक्षा ठेवतो. त्यामुळे केवळ शेवट अपुरा म्हणून पहिल्या भागाला एक तारा देणे मला अन्यायाचे वाटते. कथा पुढील भागात पूर्ण होते, एवढे मी परीक्षणात स्पष्ट लिहिते आणि तारे त्या भागाने जे साधले त्यालाच देते.