उसातला बिबट्या उपाशी नाही

'जंगलात खायला काही उरलं नाही म्हणून भुकेला बिबट्या गावात शिरतो. त्याला धरून लांबच्या जंगलात सोडा, नाहीतर जंगलात शेळ्या सोडा.' जुन्नर-शिरूर भागात हल्ला झाला की हा मजकूर ग्रुपाग्रुपांवर फिरतो. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराचा संताप रास्तच आहे. पण निदान चुकलं तर त्यावरचा उपाय दुसऱ्या एखाद्या घराला भोवतो, म्हणून हे लिहितोय.

आधी भुकेचं बघू. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका म्हणजे ऊस, विहिरी, वस्त्या आणि चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं कॅमेरे लावून मोजणी केली, तर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे निघाले. ते काय खातात हे विष्ठेतून शोधलं. मांस पचतं, केस पचत नाहीत. विष्ठा धुवून त्यातला केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला की वरच्या खवल्यांची नक्षी आणि आतला गाभा यांवरून कुत्रा, मांजर, शेळी वेगवेगळी ओळखू येतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, भक्ष्याच्या वजनाच्या हिशेबानं, ८७ टक्के आहार पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. म्हणजे बिबट्याचं पोट गावातच भरतंय. आणि हा बिबट्या जंगलातून 'शिरत'ही नाही. मादी उसातच विते, पिल्लं उसातच वाढतात. ऊसतोड सुरू झाली की फडात ती सापडतात, हे तोडणी कामगारांना विचारा.

शेळ्यांची सूचना मला सगळ्यात जास्त खटकते. त्याच भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी बिबट्याच्या आहारात त्यांचा वाटा जेमतेम ११ टक्के. कारण साधं आहे: शेळीमागे दिवसा राखणदार असतो आणि रात्री ती कोंडलेली असते, कुत्रं रात्रभर मोकळं हिंडतं. जे सहज हाती लागतं ते बिबट्या उचलतो. जंगलात सोडलेल्या शेळ्या जंगलातले बिबटे खातील. उसातल्याला त्यांचा पत्ताही लागणार नाही.

'धरून लांब सोडा' हे तर करून झालंय. जुन्नर वनविभागात २००१ पासून मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं, बिथरलेलं जनावर तिथं टिकून राहत नाही. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडला होता. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला.

मग करायचं काय? गोठ्याला वरूनही जाळी आणि पक्कं दार. कोंबड्यांची आतडी-पिसं रस्त्याकडेला टाकणं बंद, कारण त्यावर कुत्री जगतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधार पडल्यावर लेकरांना उसाच्या कडेला एकटं सोडू नका, आणि वाकून काम करताना सोबत कुणीतरी उभं असू द्या. शेतीला वीज दिवसा द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. रात्री बारे (पिकाला पाणी) देणाऱ्या माणसासाठी ती जिवाची बाब आहे.