हलतंय!

काल माझ्या लेथवर एका टेबलफॅनच्या बुशापायी माझी अब्रू गेली. बुश म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी; गनमेटलची, बोटाच्या पेराएवढी. पार्टिंगला, म्हणजे तयार बुश कापून वेगळा करायला टूल लावलं, स्लाइड थरथरली आणि टूलचं टोक जॉबमध्ये घुसून कडकन मोडलं. लेथ वडिलांच्या वेळची. टूल आत-बाहेर नेणारी क्रॉस स्लाइड ढिली झाली होती, बस. स्लाइड ज्यात सरकते त्या तिरक्या खाचेत, डव्हटेलमध्ये, जिबची लांबट पट्टी असते, ती चार स्क्रूंनी आवळायची. पंधरा मिनिटांचं काम.

पण बुश ज्यांचा, ते काका गाळ्यातच स्टुलावर बसून होते.

"हलतंय," काका म्हणाले.

"तेच बघतोय."

ते उठले, हँडल धरून मागे-पुढे करू लागले. "हे बघ. पाव फेरा नुसतं हँडल फिरतंय, स्लाइड जागची सरकत नाही. ढिली आहे."

"काका, हा हँडलच्या स्क्रू-नटमधला लॅश, मोकळी फट. जिब कितीही आवळली तरी तो राहणार. स्लाइडचा ढिलेपणा बघायचा तर टूलपोस्ट धरून हलवायचा."

"तीस वर्षं गिरणीत काढलीत. मला शिकवू नको."

"कुठल्या खात्यात होतात?"

"टाइम ऑफिसला, हजेरीवर. पण खिडकीतून सगळं दिसायचं."

यावर काय बोलणार? एका हाताने अ‍ॅलन कीने जिबचा स्क्रू रोखला, दुसऱ्याने तो पक्का करणारा चेकनट आवळला. नटाबरोबर स्क्रू केसभर फिरतोच, आणि तेवढ्याने स्लाइड जाम. पुन्हा ढिला, पुन्हा आवळ. तिसरा हात असता तर काकांना धरून ठेवलं असतं.

"अजून आवळ," काका. रागाच्या भरात आवळला. हँडल दोन्ही हातांनी फिरेना. "आत्ता कसं!" काका खूश. मग हँडल मागे-पुढे करून पाहिलं. "पण अजून हलतंय रे."

खरी गोची वेगळीच. स्लाइडचा वापर सगळा मधल्या पट्ट्यात, त्यामुळे डव्हटेल मध्येच झिजलंय. जिब मध्ये बरोबर बसवली की स्लाइड टोकाला अडकते, टोकाला मोकळी केली की मध्ये डुलते. विरार लोकलचा डबा: दारात मुंगी शिरत नाही, आत मध्ये ऐसपैस.

यावर उपाय म्हणजे निळा रंग लावून, उंचवटे बघून स्क्रेपरने हाताने घासणं. असा हात असलेले फिटर आता शोधून सापडत नाहीत. १९८२च्या संपानंतर किती जण गावाला गेले ते गेलेच. परळला एका टॉवरच्या लॉबीत काळा रंग मारून शोभेला ठेवलेलं जुनं मशीन पाहिलंय मी. त्याला कोणी 'हलतंय' म्हणत नाही. माझ्या चालत्या मशीनला मात्र गाळ्याचं भाडं वाढवून मागतात आणि वर टाइम ऑफिसचं सर्टिफिकेट लागतं.

शेवटी मधल्या पट्ट्याला बेतून जिब लावली, टोकाचा नाद सोडला. नवं टूल घासलं, बुश कापून दिला. काकांनी पन्नास रुपये कमी दिले.

"का?"

"मशीन ढिली ना तुझी."

आज सकाळी शटर उघडतोय तर काका उभे. हातात पंखा.

"बुश घट्ट होतोय रे. जरा ढिला कर."