शास्त्रीय कारणे द्या

भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन पुढे बँकेत नोकरी धरलेल्या माणसाला जगात एकाच ठिकाणी शास्त्रज्ञ समजले जाते, ते म्हणजे त्याच्या सासुरवाडीला. माझी सासुरवाडी वाईची. तेथे डॉक्टर असलेल्या माझ्या साडूंना गुडघेदुखीविषयी विचारतात, वकील असलेल्या चुलत मेहुण्याला बांधाच्या भांडणाविषयी विचारतात आणि मला सृष्टीतल्या उरलेल्या सर्व गोष्टींविषयी विचारतात. शाळेच्या प्रश्नपत्रिकेतील ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नात निदान ‘कोणतेही तीन’ अशी मुभा असायची. वाईच्या घरात ती नाही. शिवाय साडूंनी दिलेली गोळी सगळे निमूटपणे गिळतात, वकिलाचा सल्ला पैसे मोजून ऐकतात, मी दिलेले कारण मात्र प्रथम आप्पांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे, मंजुरीसाठी जाते. आप्पांचा स्वभाव असा, की उत्तर एका वाक्यात मिळाले तर ते त्यांना ताबडतोब पटते, मग ते चुकीचे का असेना. आणि त्याला तीन वाक्ये लागली, तर सांगणारा काहीतरी लपवतो आहे असा त्यांना संशय येतो. दुर्दैवाने भौतिकशास्त्रात एका वाक्यात मावणारी बरोबर उत्तरे फार थोडी आहेत.

या मे महिन्यातला पहिला खटला पन्ह्याचा होता. सासूबाईंनी काचेच्या पेल्यांत बर्फाचे खडे टाकून वरून काठोकाठ पन्हे ओतले. खडे तरंगत वर आले आणि त्यांची डोकी काठाच्याही वर दिसू लागली. माझा मेहुणा अविनाश म्हणाला, “दाजी, हा बर्फ वितळला की पन्हं सांडणार. वर आलेला भाग जाणार कुठं?”

प्रश्न रास्त होता. बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे 0.92 पट असल्यामुळे साध्या पाण्यात त्याचा साधारण बारावा हिस्सा वर राहतो आणि बाकीचा बुडतो. बुडालेला भाग जेवढे पाणी बाजूला सारतो, त्याचे वजन अख्ख्या बर्फाच्या वजनाइतके असते. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सांगून ठेवलेल्या तत्त्वातून हे निघते. तोच बर्फ वितळला की त्याचे पाणी त्याने अडवलेल्या जागेत नेमके मावते आणि पातळी जिथल्या तिथे राहते. एवढे बोलून मी थांबलो असतो, तर त्या दुपारी जावयाचा मान राहिला असता. परंतु पेल्यात पाणी नव्हते, पन्हे होते, आणि बी.एस्सी. झालेल्या माणसाला हा फरक गिळता येत नाही. साखरेमुळे पन्हे पाण्याहून जड होते, म्हणून बर्फ त्यात थोडा अधिक वर तरंगतो आणि कमी जागा अडवतो. वितळल्यावर मात्र त्याला पाण्याच्या हिशेबाने पुरती जागा लागते. पन्हे पाण्याच्या 1.05 पट जड धरले, तर 100 ग्रॅम बर्फ सुमारे 95 घनसेंटिमीटर पन्हे बाजूला सारतो आणि वितळून त्याचे 100 घनसेंटिमीटर पाणी होते.

“म्हणजे सांडणार,” आप्पा म्हणाले.

“पाणी असतं तर सांडलं नसतं. पन्हं आहे म्हणून सांडेल, तेही चमचाभर.”

“जावईबापू, अविनाश बरोबर आहे का चूक, तेवढंच सांगा.”

आता अविनाशचे उत्तर बरोबर होते आणि कारण चूक होते. अशा माणसाचे काय करायचे, याचे मार्गदर्शन आर्किमिडीजने केलेले नाही. मी शब्द जुळवीत असताना कोणीही पन्ह्याला तोंड लावले नाही. सगळे पेल्यांवर नजर रोखून बसले. थोड्याच वेळात गार पेल्यांच्या बाहेरच्या अंगाला हवेतली वाफ थेंबाथेंबाने जमू लागली, थेंबांचे ओघळ झाले आणि टेबलावर प्रत्येक पेल्याभोवती एक ओले कडे उमटले. “सांडलं बघा!” सासूबाई म्हणाल्या. हे पन्हे नसून हवेतले पाणी आहे, असे मी सांगितले. त्यावर कोणाचाही विश्वास बसला नाही, तेव्हा मी म्हणालो, “मग चाखून बघा की. ते गोड लागणार नाही.” विज्ञानाच्या दृष्टीने याहून सोपा आणि निर्णायक प्रयोग नव्हता. तरीही जावयाने सासऱ्यांना टेबल चाटायला सांगितले, ही बातमी संध्याकाळच्या आत साताऱ्याला साडूंच्या घरी पोहोचली होती. पन्हे तोवर मिळमिळीत झाले होते. चमचाभर पन्हे खरोखर सांडले की नाही, ते त्या ओल्या टेबलावर कोणालाच ठरवता आले नाही.

दुपारी वीज गेली, की कॅरमबोर्ड निघतो. या खेळात माझे एक ठरलेले दुःख आहे : सोंगटी सरळ रेषेत नेमकी भोकात जाते आणि तिच्या पाठोपाठ स्ट्रायकरही जातो. मग मिळवलेली सोंगटी दंडासह परत मांडावी लागते. हा माझ्या नेमाचा दोष नसून वजनांचा परिणाम आहे, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो. दोन सारख्या वजनाच्या सोंगट्या समोरासमोर आपटल्या, तर धावणारी जवळजवळ जागीच थांबते आणि आपला सगळा वेग दुसरीला देऊन टाकते. स्ट्रायकर मात्र नियमाप्रमाणे 15 ग्रॅमपर्यंत असू शकतो आणि सोंगटी असते पाच-साडेपाच ग्रॅमची. तिप्पट वजनाचा स्ट्रायकर सोंगटीला नाकासमोर धडकला आणि टकरीत ऊर्जा वाया गेली नाही असे धरले, तर सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते आणि तो स्वतः अर्ध्या वेगाने तिच्या मागोमाग चालत राहतो. सोंगटीला भोकापर्यंत पोचवून परत न येणाऱ्या या स्ट्रायकरची बाजू मी बोरिक पावडरीवर बोटाने आकडेमोड करून मांडली. ती पुसायला लागल्यामुळे डाव थांबला आणि त्याबद्दल मला वेगळी बोलणी बसली.

आमच्या आजेसासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि त्यांचा स्ट्रायकर कधीही भोकात जात नाही. त्या म्हणाल्या, “अहो, हळू मारावं.” झाले. आप्पांनी मान डोलावली, अविनाशनेही डोलावली. आणि ते तंतोतंत खरे आहे. घर्षणाने थांबेपर्यंत कापलेले अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या तिप्पट असल्यामुळे ती त्याच्या नऊपट लांब जाते. सोंगटी जेमतेम भोकात पडेल एवढ्याच जोराने मारले, तर स्ट्रायकर त्या अंतराच्या नवव्या हिश्श्यातच दम टाकतो. आजेसासूबाईंनी दोन शब्दांत सांगितलेल्या गोष्टीला मी तीन वाक्ये खर्च केल्यामुळे ती पुन्हा संशयास्पद झाली, हे सांगायला नकोच.

वीज परत आली, पंखा फिरू लागला आणि अविनाशचा मुलगा ओंकार, वय वर्षे नऊ, याने विचारले, “काका, वीज आली म्हणजे नक्की काय आलं?” हा प्रश्न टाळायला हवा होता, कारण विजेचे बिल त्याच आठवड्यात आले होते आणि आप्पा शेजारीच बसले होते. मी सांगितले, की तारेतून काहीही येत नाही. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची आणि 50 हर्ट्झची असते, म्हणजे तारेतल्या इलेक्ट्रॉनांना ती सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हलवते आणि या हेलकाव्यात एखादा इलेक्ट्रॉन सरासरीने मिलिमीटरचा हजारावा भागही सरकत नाही. कोयनेच्या वीजघरातून निघालेला इलेक्ट्रॉन वाईला येईल, अशी आशा करण्यात अर्थ नाही. शिवाय वाटेतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींना जोडलेल्याच नसतात. पंख्यात नाचतात ते इलेक्ट्रॉन पहिल्यापासून आपल्याच तारेत बसलेले असतात.

आप्पांनी चष्मा काढला. “म्हणजे तार आपली, इलेक्ट्रॉन आपले, आणि ते फक्त हलवतात?”

“हो. हलवायला जी ऊर्जा लागते तिचे पैसे. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल.”

“आणि हलवून झाले, की इलेक्ट्रॉन आपल्याकडंच राहतात?”

“आपल्याकडंच.”

त्यांनी आयुष्यात प्रथमच माझे उत्तर कोणतीही शंका न घेता मान्य केले आणि ‘आमच्या मालकीच्या इलेक्ट्रॉनांच्या वापराबद्दल बिलात योग्य ती सूट मिळावी’ या अर्थाचा अर्ज लिहायला घेतला. वकील मेहुण्याला तो तपासण्यासाठी फोन गेला. तारेवर बसलेल्या पाखराला धक्का का बसत नाही, हा ओंकारचा पुढचा प्रश्न त्या गडबडीत राहून गेला. त्याच्या दोन्ही पायांखाली एकच तार असल्याने दोन पायांमधला विजेच्या दाबाचा फरक नगण्य असतो, हे उत्तर मला फुकट घालवायचेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे अविनाशच्या सात आसनी गाडीतून पसरणी घाटाने पाचगणीला निघालो. ओंकारने वाढदिवसाचा हेलियमचा रुपेरी फुगा बरोबर घेतला होता. त्याची दोरी पुढच्या दोन आसनांच्या मधोमध बांधलेली होती, काचा बंद होत्या आणि फुगा छताच्या जरा खाली डुलत होता. पहिल्याच वळणापूर्वी अविनाशने ब्रेक मारला. आप्पा पुढे झुकले, सासूबाई पुढे झुकल्या, मागे ठेवलेले डबे पुढे सरकले आणि फुगा सावकाश मागे येऊन आप्पांच्या तोंडावर आपटला.

न्यूटनने 1687 मध्ये छापून प्रसिद्ध केलेला जडत्वाचा नियम आप्पांना एस.टी.च्या प्रवासामुळे तोंडपाठ आहे : ब्रेक लागला की माणूस पुढे जातो. त्यामुळे फुग्याचे हे वागणे त्यांना उद्धटपणाचे वाटले. मी सांगितले, की गाडीत आपण आणि डबे यांच्याखेरीज हवाही बसलेली आहे. ब्रेक लागला की तीही पुढे रेटली जाते आणि पुढच्या काचेकडे तिचा दाब जरा वाढतो. फुग्यातला हेलियम हवेहून कितीतरी हलका असल्यामुळे तो जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे मागे ढकलला जातो. पेल्यात बर्फाला वर ढकलणारी जी शक्ती होती, तीच येथे आडवी झालेली आहे. पन्ह्याचा उल्लेख मी करायला नको होता. गाडीत क्षणभर शांतता पसरली.

घाट चढताना तर प्रत्येक वळणावर तोच प्रकार सुरू झाला. गाडी उजवीकडे वळली की आम्ही सगळे डावीकडे कलंडत होतो आणि फुगा उजवीकडे झुकत होता. ती डावीकडे वळली की उलटे. सासूबाईंना घाटात मळमळते, म्हणून मी सुचवले, की फुगा जिकडे झुकतो तिकडे आपणही अंग झुकवावे. वळणावर मोटारसायकलवाला तेच करतो. त्यांनी ते ऐकले, ओंकारने ऐकले, माझ्या पत्नीनेही ऐकले, आणि थोड्याच वेळात आप्पा सोडून सगळी गाडी फुग्याच्या तालावर डुलू लागली. आप्पा एकटेच दरवाजाच्या कडीला धरून नियमाप्रमाणे उलट दिशेला कलंडत राहिले.

“हा फुगा बिघडलेला आहे,” त्यांनी शेवटी निकाल दिला. एका वाक्याचा होता; सासूबाईंनाही तो पटल्यासारखा वाटला.

पाचगणीत उतरताच ते तडक एका फुगेवाल्याकडे गेले आणि त्याच्याकडून तोंडाने फुगवलेला एक साधा लाल फुगा घेऊन आले. परतताना त्यांनी तो स्वतःच्या हाताने छताच्या कडीला दोरीने टांगला. आत फुंकलेली हवा आणि वर रबराचे वजन, म्हणजे तो आसपासच्या हवेहून जड होता. मी काही बोललो नाही. एका गाडीत एकाच वेळी हवेहून हलका आणि हवेहून जड असे दोन फुगे शेजारी शेजारी असावेत, असा योग मला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही लाभला नव्हता. उतारावर अविनाशने ब्रेक दाबला. रुपेरी फुगा मागे गेला, लाल फुगा पुढे गेला.

“बघा,” आप्पा म्हणाले, “चांगल्या दुकानातला घेतला की असा चालतो.”